उंदराला नेमकं काय विचारायचं?

प्रयोग तसा साधा. पेटीत एक उंदीर, पायाखाली धातूच्या सळ्यांची जमीन. काही सेकंद एक सूर वाजतो आणि तो संपता संपता सळ्यांमधून विजेचा सौम्य झटका बसतो. काही वेळा असं झालं की दुसऱ्या दिवशी नुसता सूर ऐकूनच उंदीर थिजतो. श्वासोच्छ्वास वगळता अंगाची कसलीच हालचाल नाही. किती सेकंद थिजला हे कॅमेऱ्यावरून मोजायचं आणि त्याला भीतीचं माप म्हणायचं. पुढे तोच सूर झटक्याविना पुन्हा पुन्हा ऐकवायचा. थिजणं हळूहळू कमी होत जातं. भीती शिकली, भीती मावळली. मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या बदामाच्या आकाराच्या भागाविषयी आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या पेटीतून, जोसेफ लेडू यांच्यासारख्या संशोधकांच्या गेल्या चाळीसेक वर्षांच्या कामातून आलं आहे.

2008 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे कामिला मार्क्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पेटीत ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) अभ्यासासाठी तयार केलेले वेगळे उंदीर ठेवले. त्यांच्या आयांना गरोदरपणात व्हॅल्प्रोएट हे औषध टोचलेलं होतं. हे उंदीर सूर आणि झटका यांचं नातं जास्त पक्कं शिकले, त्या सुराशी साम्य असलेल्या दुसऱ्या सुरांनाही घाबरू लागले आणि झटका बंद झाल्यावरही त्यांची भीती लवकर मावळेना. अमिग्डलातल्या पेशी भडकून उठत होत्या आणि त्यांना आवर घालणारी यंत्रणा दुबळी पडली होती. आदल्याच वर्षी मार्क्राम दांपत्यानं ‘तीव्र जगा’चा सिद्धान्त मांडला होता. ऑटिस्टिक माणसाला भावना कमी नसतात, उलट जगच त्याच्यावर फार जोरात आदळतं आणि म्हणून तो मागे सरतो, असा त्याचा गाभा. हेन्री मार्क्राम स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील. ‘यांना कुणाशी काही देणंघेणं नसतं’ हे वर्षानुवर्षं ऐकत आलेल्या पालकांना आणि ऑटिस्टिक प्रौढांना हा सिद्धान्त जवळचा वाटला, यात नवल नाही.

ऑटिझममधल्या चिंतेचा अभ्यास प्राण्यांवर करावा का, याला माझं उत्तर ‘करावा’ असंच आहे. पण आज तो बहुतेक वेळा उलट्या क्रमानं होतो. आधी उंदीर ऑटिस्टिक ठरवला जातो, मग त्याच्यात भीती शोधली जाते आणि सापडलेली भीती माणसांच्या नावावर चढवली जाते. प्रश्न माणसांकडून निघायला हवा. उंदराकडून त्याला देता येईल तेवढंच उत्तर घ्यायला हवं. आणि त्यावर ऑटिझमचं लेबल लावण्याआधी तीच गोष्ट माणसांत दिसते का, हे पाहायला हवं.

आधी हे व्हॅल्प्रोएट काय ते पाहू. आकडी आणि बायपोलर आजारावरचं हे जुनं, स्वस्त आणि प्रभावी औषध आपल्याकडेही सर्रास दिलं जातं. गरोदर स्त्रीनं ते घेतलं तर गर्भाला धोका असतो. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पोटात असताना हे औषध मिळालेल्या मुलांपैकी सुमारे 4.4 टक्के मुलांना ऑटिझमचं निदान झालं होतं. एकूण मुलांत हे प्रमाण सुमारे दीड टक्का होतं. (हे वाचून कुणी आपल्या मनानं गोळी बंद करू नये. आकडी आईला आणि बाळाला दोघांनाही घातक ठरू शकते; गरोदरपणाचा विचार मनात आला की डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं.) म्हणजे धोका खरा आहे, जवळपास तिप्पट आहे. पण याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की हे औषध पोटात मिळालेल्या शंभरातल्या पंचाण्णव मुलांना ऑटिझम नव्हता. प्रयोगशाळेत मात्र एका ठरावीक दिवशी, एका मोठ्या मात्रेत औषध दिलं की त्या मादीची झाडून सगळी पिल्लं ‘ऑटिझमचं प्रारूप’ होतात. आणि ज्यांच्या आयांनी हे औषध कधी पाहिलंही नाही, अशा ऑटिस्टिक मुलांच्या मेंदूविषयीचे निष्कर्ष या पिल्लांवरून काढले जातात. ऑटिस्टिक मुलांमध्ये अशांचीच संख्या प्रचंड आहे.

याहून मोठी अडचण गणिताची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. औषध आईला दिलेलं असतं. एका मादीला दहा-बारा पिल्लं होतात. ती एकाच गर्भाशयात वाढलेली, एकाच आईनं पाजलेली, एकाच पिंजऱ्यात राहिलेली असतात. पाच माद्यांची पन्नास पिल्लं घेऊन ‘पन्नास उंदरांवर प्रयोग केला’ म्हणणं म्हणजे पाच घरांतल्या सगळ्या भावंडांना गाठून पन्नास घरांचा कौल मिळाला म्हणण्यासारखं आहे. मोजायच्या त्या आया. स्टॅन्ली लॅझिक आणि लॉरां एसियू यांनी 2013 मध्ये व्हॅल्प्रोएट उंदरांवरचे 34 अभ्यास तपासले, तेव्हा फक्त तीन अभ्यासांत ही मोजणी बरोबर होती. चौतिसात तीन! अशा मोजणीतून नसलेला फरक ठळक दिसू शकतो. यात कुणी लबाडी केली असं नाही. पण या अभ्यासांवर पुढचे अभ्यास, त्यांवर औषधांच्या कल्पना आणि त्यांवर बातम्या उभ्या राहतात, तेव्हा तळाची वीट तपासली होती का, हे विचारायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

आता बंगळुरूला येऊ. तिथे सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिग्डलावर कित्येक वर्षं काम केलं. दीर्घकाळच्या ताणानं हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी संबंधित भागातल्या पेशींच्या फांद्या खुरटतात पण अमिग्डलातल्या फांद्या उलट पसरतात, हे त्यांच्या गटानं 2002 मध्ये दाखवलं. भारतीय मेंदूविज्ञानातलं हे मला फार मोलाचं काम वाटतं. त्याच गटानं पुढे फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांकडे लक्ष वळवलं. फ्रॅजाइल एक्स हे ऑटिझमचं ज्ञात असलेलं एक महत्त्वाचं, एकाच जनुकातून येणारं कारण. त्या जनुकाविना वाढवलेले रॅट जातीचे उंदीर त्याच सूर-झटक्याच्या परीक्षेत काय करतात? 2021 मध्ये या गटानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेलं उत्तर असं, की ते भीती नीट शिकतच नाहीत.

लोझानचा उंदीर जास्त घाबरतो, बंगळुरूचा कमी. दोघांच्याही पाठीवर पाटी एकच: ऑटिझम.

याचा अर्थ दोघांपैकी एक चुकला असा नाही. दोघेही आपापल्या जागी खरे असू शकतात. एक औषधानं बिघडलेल्या गर्भवाढीविषयी सांगतो, दुसरा एका जनुकाविषयी. पण मग ‘ऑटिझममध्ये अमिग्डला अतिसक्रिय असतो’ यासारखी सरसकट वाक्यं कशाच्या जोरावर लिहायची? आणि माणसांचं काय? लंडनमध्ये सेबास्टियन गाइग आणि डरमॉट बोलर यांनी 2007 मध्ये अस्पर्गर (ऑटिझमचाच एक प्रकार) असं निदान असलेल्या प्रौढांना अशीच परीक्षा दिली, झटक्याऐवजी दचकवणारा मोठा आवाज वापरून. त्यांचं भीती शिकणं इतरांपेक्षा क्षीण निघालं. त्याआधी अमेरिकेत 2005 मध्ये झालेल्या एका अभ्यासात ऑटिस्टिक आणि इतर माणसांत फरकच दिसला नव्हता. लोझानच्या उंदरासारखी भीतीनं तुडुंब भरलेली स्मृती माणसांत या साध्या परीक्षेत तरी सापडलेली नाही.

आणि तरीही ऑटिस्टिक मुलं चिंताग्रस्त असतात, यात शंका नाही. 2011 मध्ये 31 अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले तेव्हा ऑटिस्टिक मुला-मुलींपैकी जवळपास 40 टक्क्यांना चिंतेचा किमान एक निदान करण्याजोगा विकार असल्याचं दिसलं. कुठल्याही पालकसभेत तासभर बसलं तरी हे कळतं. झोप नाही, पोट दुखतं, शाळेच्या रस्त्यालाच लागत नाही, कुकरची शिट्टी होण्याआधीच कान झाकून बसतो, गणपतीत ढोल-ताशा सुरू झाला की माळ्यावर चढतो. मग ही चिंता येते कुठून?

न्यूकॅसलमधल्या जॅकी रॉजर्स, मार्क फ्रीस्टन यांच्या गटानं 2014 मध्ये एक उत्तर सुचवलं: अनिश्चितता सहन न होणं. पुढे काय होणार हे न कळणं हेच संकट. पेटीतल्या प्रयोगात नेमकी हीच गोष्ट नसते. तिथे सूर वाजला की झटका, हे घड्याळासारखं ठरलेलं असतं. ज्या मुलाला वेळापत्रक पाठ हवं असतं, त्याच्यासाठी ही पेटी एका परीनं शाळेच्या पटांगणापेक्षा सोपी जागा आहे. म्हणजे ज्या गोष्टीनं माणसाला चिंता होते तीच वगळून आपण उंदराची चिंता मोजतो आहोत.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. भीती मावळण्याच्या प्रयोगात एक गृहीत दडलेलं आहे: धोका संपला आहे. संशोधकानं झटका बंद केलेला असतो, म्हणून त्यानंतरही थिजणारा उंदीर ‘बिघडलेला’ ठरतो. पण डब्याच्या सुट्टीत चिडवल्या जाणाऱ्या, वर्गात सतत ओरडा खाणाऱ्या, ज्याच्या हात हलवण्याची नक्कल रिक्षातली मुलं रोज करतात अशा मुलाचा झटका बंद झालेला असतो का? तो सोमवारी सकाळी थिजत असेल, तर त्याचा अमिग्डला आपलं काम चोख करतो आहे. त्याला ‘भीती विसरण्यातली कमतरता’ म्हणणं म्हणजे सळ्यांतली वीज चालू ठेवून उंदराला दोष देणं आहे. उंदराच्या प्रयोगाची रचनाच अशी आहे की त्यात दोष नेहमी उंदरातच सापडतो, पेटीत कधीच नाही. हा चष्मा जसाच्या तसा मुलांवर चढवला की शाळा, शेजार, घर सगळे सुटतात आणि मुलाचा मेंदू तेवढा हाती उरतो.

असे निष्कर्ष प्रयोगशाळेत राहत नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवं. ‘तीव्र जगा’च्या सिद्धान्तातून थेट बालसंगोपनाचा सल्ला निघाला: लहानपणी मुलाभोवतीचे उद्दीपक कमी करा, जग शांत, ठरावीक ठेवा. 2014 मध्ये ॲना रेमिंग्टन आणि उटा फ्रिथ या दोन ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी यावर जाहीर चिंता व्यक्त केली. पुरावा बहुतांशी उंदरांचा आहे आणि वाढत्या मुलाकडून अनुभव काढून घेणं त्याला अपायकारक ठरू शकतं, हा त्यांचा मुद्दा होता. आवाज कमी करणं आणि आयुष्य कमी करणं यात फरक आहे, आणि तो उंदराच्या पिंजऱ्यावरून ठरवता येत नाही. आपल्याकडे तर या दरीतून आणखी काही आत शिरतं. ‘उंदरांमधला ऑटिझम बरा झाला’ ही बातमी पालकांच्या गटांवर फिरते, ‘उंदरांमधला’ हा शब्द तिसऱ्या फॉरवर्डला गळतो आणि कुणीतरी स्टेम सेलच्या उपचारांसाठी दागिने मोडतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये ऑटिझमसाठी या उपचारांची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट करावं लागलं, ते उगीच नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मग हे प्रयोग बंदच करावेत. तिथे मी थांबतो, आणि त्याला कारण हार्वर्डमधलं एक काम आहे.

डेव्हिड गिन्टी यांच्या प्रयोगशाळेत लॉरेन ओरेफिस यांनी एक वेगळाच प्रश्न घेतला. कित्येक ऑटिस्टिक माणसं सांगतात की हलका स्पर्श त्यांना सहन होत नाही: शर्टाच्या मागचं लेबल, केसांवरून फिरणारा हात, स्वेटरची लोकर. हा त्रास मेंदूतून येतो असं सगळे धरून चालले होते. ओरेफिस यांनी ऑटिझमशी संबंधित जनुकं माऊस जातीच्या उंदरांत फक्त त्वचेकडून स्पर्शाची बातमी नेणाऱ्या मज्जापेशींमधून काढली. मेंदू तसाच ठेवला. 2016 मध्ये त्यांनी दाखवलं की एवढ्यानंही उंदीर स्पर्शानं दचकू लागले. त्याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे ते मोठे झाल्यावर मोकळ्या जागेत जायला कचरू लागले, दुसऱ्या उंदरांशी कमी मिसळू लागले. तेच जनुक उंदीर मोठा झाल्यावर काढलं, तर स्पर्शाचा त्रास झाला, पण चिंता आली नाही. म्हणजे लहान वयात त्वचेवर सतत आदळणारं जग पुढे चिंतेत बदलतं, अशी एक शक्यता पुढे आली. 2019 मध्ये त्याच गटानं मेंदूत फारसं न शिरणारं, बाहेरच्या मज्जापेशींना शांत करणारं एक रसायन पिल्लांना लहानपणी दिलं, तेव्हा पुढची चिंतेची लक्षणं काही जातींत कमी झाली.

हे काम मला का पटतं? प्रश्न माणसांनी सांगितलेला होता. उत्तरासाठी विशिष्ट पेशी आणि विशिष्ट वय वेगळं करून पाहणं भाग होतं आणि ते कुठल्याही मुलावर करता येत नाही, करूही नये. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या मेंदूपेशींच्या गोळ्याला त्वचा नसते, बालपण नसतं, घाबरण्यासारखं काही नसतं; तिथे हे कळलं नसतं. शिवाय माणसांतली एक खूण आधीच हाती होती: लहान ऑटिस्टिक मुलांच्या 2012 मधल्या एका अभ्यासात संवेदनांचा अतिरेकी त्रास आधी आणि चिंतेची वाढ नंतर, असाच क्रम दिसला होता. उंदरानं ऑटिझम दाखवला नाही. त्यानं एका वाटेचा नकाशा दाखवला, आणि त्या वाटेनं मुलं जातात का, हे मुलांतच तपासता येतं.

माकडांबद्दल लिहिताना हात अडखळतो. कॅलिफोर्नियात डेव्हिड अमारल यांच्या गटानं दोन आठवड्यांच्या मकाक पिल्लांच्या मेंदूतला अमिग्डला शस्त्रक्रियेनं निकामी केला. अमिग्डला बिघडला की सामाजिक वागणं बिघडतं आणि तोच ऑटिझम, अशी तेव्हाची जोरात असलेली कल्पना. पण ती पिल्लं आयांशी, सोबत्यांशी संबंध ठेवू शकत होती. बदलली ती भीती: सापासारख्या वस्तूंना ती घाबरेनात आणि अनोळखी माकडासमोर जास्त घाबरू लागली. अमिग्डलाचा संबंध ऑटिझममधल्या सामाजिक अडचणींपेक्षा चिंतेशी असावा, असं अमारल यांनी 2003 च्या सुमारास मांडलं. एका मोठ्या सिद्धान्ताला यामुळे वळण मिळालं. किंमत मात्र त्या पिल्लांनी मोजली. आज तोच प्रश्न त्याच पद्धतीनं विचारायला मी संमती देणार नाही. त्या वेळी दिली असती का, हे प्रामाणिकपणे सांगणं कठीण आहे.

औषधांच्या आघाडीवर इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. फ्रॅजाइल एक्समध्ये मेंदूतल्या ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा एक ग्राही (पेशीवर तो संदेश टिपणारा रेणू) अति काम करतो, तो रोखावा, ही मार्क बेअर, किंबर्ली ह्यूबर आणि स्टीफन वॉरन यांची 2004 ची मांडणी उंदरांत सुरेख खरी ठरली. नोव्हार्टिस आणि रोश या दोन्ही कंपन्यांनी माणसांवर चाचण्या केल्या आणि अपेक्षित लाभ न दिसल्यानं 2014 पर्यंत दोघींनीही हात आखडता घेतला. सगळा दोष उंदराच्या माथी मारणं बरोबर नाही. माणसांना औषध उशिरा, किशोरवयात किंवा प्रौढपणी मिळालं. सुधारणा मोजायची साधनंही बोथट होती. पण बंगळुरूच्या 2021 च्या कामात अमिग्डलापुरतं चित्र उलटंच निघालं: तिथे तोच ग्राही रोखण्याऐवजी चेतवल्यावर उंदरांची भीती शिकण्याची क्षमता सुधारली. एकाच मेंदूत एका भागाला जे हवं ते दुसऱ्याला नको. हे आधी कळलं असतं तर चाचण्यांची आखणी कदाचित वेगळी झाली असती.

तेव्हा करायचं काय? आपल्याकडे प्राण्यांवरचा प्रत्येक प्रयोग संस्थेच्या प्राणी नीती समितीपुढे जातो. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली तशी व्यवस्था आहे आणि या समितीत विज्ञानाबाहेरचा, सामाजिक जाण असलेला एक सदस्य असावा लागतो. माझी सूचना एवढीच, की प्रस्तावात ‘ऑटिझम’ हा शब्द असेल तर त्या खुर्चीवर एखादी ऑटिस्टिक प्रौढ व्यक्ती किंवा पालक बसावा. समितीचं काम प्राण्यांचे हाल रोखणं हे आहे, प्रश्नाचा दर्जा ठरवणं नव्हे, असा आक्षेप येईल. पण निरुपयोगी प्रश्नासाठी मेलेल्या उंदराचे हाल कोणत्या खात्यात लिहायचे? ‘या परीक्षेत ऑटिस्टिक माणसं काय करतात?’, ‘आया किती आहेत?’ आणि ‘धोका ठरलेला आहे की अनिश्चित?’ हे तीन प्रश्न विचारायला प्रयोगशाळेचा पांढरा कोट लागत नाही. कधी सूरानंतर झटका, कधी सूराविना अचानक, अशी अनिश्चित धोक्याची परीक्षा माणसांसाठी क्रिस्टियन ग्रिलॉन यांनी कधीच बसवली आहे आणि तिच्यासारखी मांडणी उंदरांवरही करता येते. दोन्हीकडे तीच परीक्षा घेतली तर निदान तुलना तरी होईल.

पालकाला खुर्ची दिली तर तो फक्त ‘बरा कधी होईल’ एवढंच विचारेल, अशी धास्ती काही शास्त्रज्ञ खासगीत बोलून दाखवतात. काही जण विचारतीलही. पण ज्या पालकांशी माझं बोलणं होतं त्यांचे प्रश्न सहसा फार नेमके असतात: एकदा घाबरलेल्या जागी तो पुन्हा कधी जातो आणि कधी जात नाही, आधी चित्रं दाखवून सांगितलं तर भीती कमी का होते, घामाघूम होऊनही ‘मी ठीक आहे’ असं का म्हणतो, दहाव्या वर्षी सुरू झालेली चिंता चौथ्या वर्षीच्या कपड्यांच्या त्रासाशी जोडलेली आहे का. यातला तिसरा प्रश्न उंदराला विचारता येणार नाही. पहिला आणि चौथा विचारता येतो, आणि दुसरा कसा विचारायचा यावर एखाद्या होतकरू विद्यार्थ्याची पीएचडी होऊ शकते.